रानकाळीचे तीन पेले

फार फार जुनी गोष्ट. सांगणाऱ्याला ती अगदी तोंडपाठ आहे. फक्त राजाचं नाव, मुलुख आणि मधला थोडा भाग तेवढा आठवत नाही.

त्या मुलखात लाल आसवासाठी दोन जातींची द्राक्षं पिकत, जांभूळमणी आणि रानकाळी. राजाच्या रसपारख्याला रानकाळीचं नावही खपत नसे. "आंबटढाण जात, महाराज. वेली उपटून टाका," तो म्हणाला, आणि राजाने मान डोलावली. दरबारानेही डोलावली, दरबाराला दुसरं काम काय?

पण रानकाळी लावणारी म्हातारी दरबारात ठाण मांडून बसली. याने डोळे बांधून जात ओळखून दाखवावी, मगच माझ्या मळ्याला कुदळ लावा, असं तिचं म्हणणं.

रसपारखी हसला आणि पट्टी बांधून बसला. समोर तीन पेले, पाण्याचा तांब्या आणि खाऊचं ताट. दर पेल्याआधी चूळ भरायची, असा रिवाज होता. "चूळ शिकाऊ भरतात," म्हणत त्याने तांब्या बाजूला सारला आणि चाचपून गुळाचा खडा तोंडात टाकला.

पहिला घोट आंबट लागला. "ही रानकाळी," तो म्हणाला. मग हाताला आवळा लागला, तोही चावला. दुसरा घोट कसा गोड, मऊ. "ही जांभूळमणी." मग मूठभर फुटाणे. तिसरा घोट मात्र ना आंबट, ना गोड. त्याने पहिला पेला परत मागितला, तर तो आता तिसऱ्यासारखा. दुसराही तसाच. कुणी पेले बदलतंय की आपली जीभ? शेवटी तो चाचरत म्हणाला, तिसऱ्यात दोन्ही जाती मिसळल्या असाव्यात.

राजाने पट्टी सोडली. तिन्ही पेले एकाच रांजणातले होते, आणि रांजण रानकाळीचा.

दरबार पोट धरून हसला. आधी माना डोलावणारे सगळ्यात जोरात. मळा वाचला. रसपारख्याला वर्षभर त्याच मळ्यात वेली बांधायला धाडलं.

तिथे पोचल्यावर तो म्हातारीला म्हणाला, "आजी, शपथेवर सांगतो, मला तीन चवी लागल्या. मग त्यातली खरी कुठली?"

म्हातारी म्हणाली, "बाबा, आधी स्वतःचं तोंड खळखळून घ्यावं, मग दुसऱ्याच्या पिकाला नावं ठेवावीत."