साहेबांची घंटी आणि तीन फुटी भिंत

नगरपालिकेच्या दगडी इमारतीत नवे मुख्याधिकारी घारपुरेसाहेब आले आणि पहिल्याच दिवशी दाखल्यांच्या खिडकीशी थबकले. द्वारकाबाई गुरव जुन्या कॉम्प्युटरवर दाखले काढत होत्या. त्याची इंटरनेटची वायर साहेबांच्या केबिनमधून, भिंतीतल्या भोकातून आली होती.

"जग कुठं गेलं, आणि तुम्ही वायरीला लोंबकळताय! माझ्या केबिनमध्ये वायफाय आहे, तेच या डबड्याला जोडा. वायर आत्ता काढा, नाहीतर बदली!"

"मधली भिंत तीन फूट जाड आहे, साहेब."

"वाद नको!"

"बरं," म्हणत द्वारकाबाईंनी वायर उपटली. त्याच भोकातून साहेबांच्या घंटीचीही वायर शिपायाकडे येत होती. तीही उपटली.

साहेबांनी केबिनचं दार लावून चहासाठी घंटी दाबली. मग हाका मारल्या, मग ओरडले. कोणी फिरकलं नाही. इकडे दाखले बंद पडून रांग दारापर्यंत गेली. शेवटी साहेब लालबुंद होऊन बाहेर आले.

"बहिरे झालात का सगळे?"

"जिथून मुख्याधिकाऱ्यांचा हुकूम पार होत नाही, तिथून वायफाय काय येणार?" दोन्ही वायरी हातात धरून द्वारकाबाई म्हणाल्या. "बोला साहेब, आधी कोणाची जोडू? या लोकांची, की तुमची?"