बगळेबुवांचे सात दिवस

म्हशींना शेपट्या नुकत्याच फुटल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. भुरी म्हशीला गोचिडांनी बेजार केलं, म्हणून वैद्य बगळेबुवा तिच्या पाठीवर चढले. "सात दिवस रोज गोचीड टिपीन. तोवर डबक्यात बसायचं नाही!"

तिसऱ्या दिवशी खाज थांबली, आणि समोरचा चिखल तर लोण्यासारखा दिसत होता. "बुवा, मला गुण आला. उरलेले चार दिवस शेळीला द्या, बिचारी शिंकतेय," म्हणत भुरी धप्पकन डबक्यात बसली.

"अगं, शिंकेवर चोच चालत नाही!" बुवा ओरडले. शेळीनं मात्र हौसेनं चार दिवस टोचून घेतलं आणि ती शिंकतच राहिली.

इकडे भुरीच्या कानामागे तीनच गोचीड उरले होते, चोच दिसताच दडण्यात पटाईत असलेले. त्यांना पोरं झाली, पोरांना पोरं झाली, आणि सगळी आजोबांच्या वळणावर गेली.

महिन्याभरानं बुवा पुन्हा आले. दिवसभर टोचूनही चोचीत आले ते भुरीचे केस.

"आता पुरते सात दिवस थांबते, बुवा!" भुरी रडकुंडीला आली.

"तू थांबशील गं. पण आता माझ्या चोचीला भीक कोण घालतंय?"

तेवढ्यात शेजारची शेळी शिंकायची थांबली आणि कराकरा कान खाजवू लागली.