नाव घातलेली भांडी

नदीकाठच्या एका गावात एक आचारी होता, आणि त्याला विचारल्याशिवाय त्या गावात कुणाचं लग्न ठरत नसे. म्हणजे भटजी लागायचाच, नवरानवरीही लागायची. पण तिथी धरायची ती आचारी मोकळा आहे का ते बघून.

त्याच्याकडे पाचशे पानांची पंगत उठेल एवढी भांडी होती. हंडे, कढया, पराती, पातेली, पोराच्या उंचीचे झारे. प्रत्येक भांड्यावर तांबटाकडून ठोकून त्यानं आपलं नाव घातलं होतं. घर दोन खोल्यांचं. त्यातली दीड खोली भांड्यांची, उरलेल्या अर्ध्या खोलीत नवराबायको. बायकोनं कधी तक्रार केली नाही, असं अशा गोष्टींत सांगायची पद्धत आहे. खरं म्हणजे ती रोज करायची, पण भांड्यांच्या आवाजात तिचं ऐकायचं कुणी?

बायकोची एकच इच्छा होती. नदीपलीकडच्या गावात तिची थोरली बहीण राहायची. आई लहानपणीच गेली, तेव्हा या अक्कानंच तिला न्हाऊमाखू घालून वाढवलं होतं. आता अक्काचे डोळे गेले होते आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. दर हंगामाला निरोप यायचा, "राहायला ये गं. आता तुझ्याशिवाय मला कोण आहे?"

आचारी म्हणायचा, "ज्या दिवशी चूल सोडीन, त्याच्या दुसऱ्या दिवशी आपण अक्कांकडे जाऊ. कायमचे. शब्द दिला."

त्या शब्दावर बायकोनं बारा वर्षं काढली.

मग एका लग्नात भाताचा हंडा उतरवताना आचाऱ्याचे हात थरथरले आणि दोन माणसांनी धावून येऊन हंडा धरला. त्याच दिवशी त्यानं सांगून टाकलं, "आता पुरे."

त्या गावात एक रीत होती. ज्यानं धंदा सोडला, त्यानं धंद्याच्या वस्तू घरात ठेवायच्या नाहीत. अक्षय तृतीयेला सगळं अंगणात मांडायचं, एकेका वस्तूवर तुळशीचं पान ठेवायचं आणि समोरच्याला म्हणायचं, "घे, तुझं." एवढे दोनच शब्द. तिसरा शब्द बोलायचा नाही. याला गावात 'धंदा लुटणं' म्हणत. बायका संक्रांतीला वाण लुटतात ना, तसंच.

आचाऱ्याच्या अंगणात सगळं गाव जमलं. साक्षीला गावातली सर्वांत म्हातारी गुरवीण आजी पाटावर बसली. सगळ्यात मोठा हंडा कोष्टिणीला द्यायचा ठरलं होतं. ती विधवा बाई, लेक लग्नाची.

आचाऱ्यानं हंड्यावर पान ठेवलं. "घे, तुझं," तो म्हणाला. इथवर ठीक झालं. कोष्टिणीनं हंड्याला हात लावला आणि त्याच्या तोंडून निसटलं, "पण चिंचेनं घास हो. राखेनं चरे पडतात."

गुरवीण आजीनं मान वर केली. "बुवा, तिसरा शब्द नको."

"अहो आजी, सांगायला नको का? माहीत नसतं लोकांना."

"दिलंत ना? मग ते राखेनं घासतील नाहीतर चिखलानं."

आचारी हसला, पण गप्प बसला नाही. "घे, तुझं. पण कल्हई वर्षातून दोनदा." "घे, तुझं. पण पोरांना परातीत बसवू नकोस." "घे, तुझं. पण नाव तेवढं खरवडू नकोस, राहू दे शोभेला." संध्याकाळपर्यंत अंगण रिकामं झालं, आणि प्रत्येक भांड्याबरोबर एकेक 'पण' घरोघर गेला. बायको दारात उभी राहून बघत होती. तिचं गाठोडं आदल्या दिवशीच बांधून तयार होतं.

सकाळी ती म्हणाली, "अहो, निघायचं ना?"

"चार दिवस थांब गं. लोक भांडी कशी वापरतात ते बघतो, मग निघू."

ते चार दिवस वर्षभर चालले. पूर्वी त्याला एका घरातली भांडी सांभाळायची होती, आता चाळीस घरांतली. रोज सकाळी हा काठी टेकत निघायचा. तेलिणीच्या परसात डोकावून म्हणायचा, "कढई पालथी का नाही घातली?" सुताराच्या सुनेला विचारायचा, "माझ्या परातीला पोचा कसा आला?" ती बिचारी म्हणायची, "बुवा, परात आता आमची आहे ना?" हा म्हणायचा, "तुमचीच आहे हो. पण नाव कुणाचं आहे तिच्यावर?"

बायका त्याला लांबून येताना बघून भांडी आत नेऊ लागल्या. घरी त्याची बायको मोकळ्या झालेल्या खोलीत बसून असायची. जागा आली होती, पण माणूस घरात नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात निरोप आला की अक्का अंथरुणाला खिळल्या आहेत, धाकटीचं नाव घेतात. बायको त्या दिवशी रडली नाही. तिनं सरळ सांगितलं, "उद्याच्या होडीनं मी चालले. यायचं तर या."

"अगं, येतो ना! हा काय निघालो," आचारी म्हणाला. खरंच म्हणाला. त्याच्या मनात कपट नव्हतं, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. नावाड्याबरोबर अक्काला निरोपही गेला, उद्या दुपारी येतो.

दुसऱ्या दिवशी दोघं गाठोडी घेऊन घाटाकडे निघाली. वाटेत कोष्टिणीच्या दारात मांडव होता. तिच्या लेकीचं लग्न. आचारी उरला नव्हता, म्हणून भावकीतल्या बायकांनीच भात टाकला होता, त्याच मोठ्या हंड्यात. मांडवाशी येताच आचाऱ्याचं नाक फुगलं.

"लागला! खाली भात लागला!"

"लागू दे," बायको म्हणाली. "लग्न त्यांचं, भात त्यांचा, हंडाही त्यांचा."

"हंड्यावर नाव माझं आहे! वरपक्षाचे लोक करपलेला भात खातील आणि नाव कुणाचं जाईल?"

"अहो, होडी सुटेल. अक्का वाट बघतेय."

"तू हो पुढे, नावाड्याला थांबव. आलोच."

त्यानं गाठोडं वाटेवर ठेवलं आणि तो मांडवात शिरला. चार माणसांकडून हंडा उतरवला, वरचा भात अलगद काढला, दुसरं आधण ठेवलं. एवढं करून तो गेला असता तर लोकांनी दुवा दिला असता. पण त्यानं भर मांडवात कोष्टिणीला झापलं, "किती वेळा सांगितलं होतं, आच मंद ठेव म्हणून! असल्या हातात भांडं दिलं, माझंच चुकलं." वरपक्षाची माणसं एकमेकांकडे बघू लागली. लेकीच्या लग्नात आईनं मान खाली घातली.

मग पहिली पंगत बसली. "वा बुवा, हात तोच आहे!" असं कुणीतरी म्हणालं आणि आचाऱ्यानं झारा खाली ठेवलाच नाही. दुसरी पंगत झाली, तिसरी बसली.

घाटावर बायको बसून होती. नावाडी म्हणाला, "काकू, ऊन उतरलं. पलीकडची माणसं खोळंबली असतील. चढताय का?"

"येतीलच ते. आलोच म्हणाले."

"मग मी सोडू?"

ती उठली आणि पुन्हा बसली. आपण गेलो तर हा माणूस कधीच येणार नाही, असं तिला वाटलं. तेरा वर्षं वाट बघितलेल्या बाईला आणखी घटकाभर बघणं जड जात नाही. तिचं चुकलं ते एवढंच.

होडी गेली.

दुसऱ्या दिवशीच्या होडीनं दोघं पोचली, तेव्हा अक्काच्या दारात माणसं जमलेली होती. शेजारीण पुढे आली. "काल उन्हं कलल्यावर होडी लागली, तशी अक्का भिंतीला धरून उठल्या आणि दारात येऊन बसल्या. माणसं उतरली, आपापल्या घरी गेली. अक्का कान देऊन बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, 'यात तिची पावलं नाहीत गं.' आत आल्या, जेवल्या नाहीत. पहाटे गेल्या."

आचाऱ्याला हुंदका आला. बायको त्याच्याकडे न बघता आत गेली.

तेराव्या दिवसानंतर ती म्हणाली, "मी इथेच राहणार."

"बरं," आचारी चाचरत म्हणाला. "मी जरा गावाकडे बघून येऊ का? दोन दिवसांत येतो. भांडी…" आणि त्यानं जीभ चावली.

"जा," ती म्हणाली.

गावी पोचला तर त्याचं अंगण, ओसरी, पायऱ्या भांड्यांनी भरलेल्या. समोरच्या ओट्यावर गुरवीण आजी बसली होती. "कोष्टीण पहिली आली," तिनं सांगितलं. "हंडा ठेवला आणि म्हणाली, त्यांचा त्यांना लखलाभ. मग तेलीण आली, सुताराची सून आली. सगळे आले. चिंचेनं घासून आणलंय हो, बघून घ्या."

सांगायला लाज वाटते, पण आचाऱ्याला आनंद झाला. त्यानं चार दिवस खपून भांडी लावली. मोठ्यात छोटं, छोट्यात त्याहून छोटं. बायको बसायची ती मोकळी खोलीही भरली. पाचव्या दिवशी त्याला कुणाशी तरी बोलावंसं वाटलं, तेव्हा कुठे कळलं की घरात कुणी नाही. बाहेर आला, तर त्याला बघून तेलिणीनं दार लोटून घेतलं.

त्या दिवशी तो होडी सुटायच्या कितीतरी आधी घाटावर जाऊन बसला.

बायको अक्काच्या अंगणात तांदूळ निवडत होती. तो पायरीवर बसला. "चल घरी. किंवा मी इथे येतो. सगळी भांडी देऊन टाकतो, या खेपेला अगदी खरंच. शपथ घेतो."

"मागच्या खेपेलाही दिलीच होतीत की," ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्यानं समजूत घातली असती; बायकोची समजूत घालण्यात त्याचा हातखंडा होता.

"मी काय करू मग?"

"मला नका विचारू. मी तुमच्यावर रागावलेली नाही. पण तुमची वाट बघायची ताकद माझ्यात उरली नाही, आणि तुमच्याबरोबर राहायचं म्हणजे वाट बघणंच आहे."

तिनं त्याला पानावर भात वाढला, वर तूप घातलं. जेवून झाल्यावर पाणी दिलं. मग सूप उचलून ती आत गेली आणि परत बाहेर आली नाही.

त्यानंतर आचारी सात वर्षं जगला. त्याची भांडी शेवटपर्यंत लखलखीत होती, हे गावात सगळे कबूल करतात. त्याच्या घरी जेवायला बसलेलं मात्र कुणी कुणाला पाहिलं नाही.

तात्पर्य: देऊन जो पहारा करत बसतो, त्याच्याकडे एक दिवस वस्तू परत येतात, माणसं येत नाहीत.