रेघ कुठं ओढायची

“...बरं, मग बघणारा कुठून सुरू होतो?”

भंते शीलरत्नांनी हे इतक्या सहज विचारलं, की वैजयंताला आधी तो प्रश्न वाटलाच नाही.

डॉ. वैजयंता उबाळे. पदार्थविज्ञानात तिचं नाव मोठं. अणूच्या आतल्या जगावर अकरा वर्षं खपून तिनं ग्रंथ लिहिला होता. सोमवारी तो छापायला जायचा होता. त्याआधी एकदा भंत्यांच्या पायाशी ठेवावा म्हणून ती गोदाकाठच्या या विहारात आली होती. लहानपणी अपूर्णांक तिला इथंच, याच भंत्यांनी शिकवले होते.

ग्रंथात काय आहे, ते तिनं सोपं करून सांगितलं. इलेक्ट्रॉनला मोजेपर्यंत ठरलेली अशी जागाच नसते. इथं असण्याची आणि तिथं असण्याची शक्यता एकत्र नांदते. मोजलं, की एकच जागा हाती लागते.

आणि त्यावर भंत्यांनी हे विचारलं.

तिच्या कपाळाला आठी पडली. मागच्याच महिन्यात वाघमोडे नावाच्या एका वयस्क प्राध्यापकांनी भर सभेत हेच विचारलं होतं. “सर, हे आता कॉलेजातली पोरंही विचारत नाहीत,” असं ती म्हणाली होती. सभागृह हसलं होतं. वाघमोडे खाली बसले... त्या सभेत ते पुन्हा बोलायला उठले नाहीत.

“सोपं आहे, भंते. एकीकडे इलेक्ट्रॉन. दुसरीकडे मोजणारं यंत्र. मध्ये रेघ.”

“ओढून दाखव.”

भंत्यांनी आपली काठी तिच्या हातात दिली आणि ते चीवर सावरत समोरच्या नदीत, घोटाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. वय एक्क्याऐंशी, पण पाय डगमगला नाही.

“ही नदी म्हणजे तुझा इलेक्ट्रॉन. हं...”

तिनं पाण्याच्या कडेला, ओल्या वाळूत रेघ ओढली. “ही बघा. रेघेच्या अलीकडे यंत्र.”

“यंत्र कशाचं केलंय?”

“धातूचं. काचेचं.”

“आणि काच?”

“...अणूंची.”

“त्यांना तुझा नियम लागू नाही?”

लागू होता. तिनं पायानं रेघ पुसली, चार पावलं मागं आली, नवी ओढली. “मग यंत्रही नदीकडे. अलीकडे डोळा.”

भंते नुसते तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले.

डोळाही अणूंचाच. तिनं आपणहून रेघ पुसली. मागं सरली. “अलीकडे मेंदू...” ती रेघही पुसली.

“गणित बिघडलं का गं?”

“नाही. रेघ कुठंही ओढा, उत्तर तेच येतं.”

“मग नकोच ओढू.”

“ओढावी तर लागते, भंते! त्याशिवाय उत्तरच हाती येत नाही.”

बोलली, आणि ती स्वतःच थबकली. हे वाक्य तिच्या ग्रंथात होतं. तळटीपेत. बारीक अक्षरात.

ती आणखी मागं सरली, आणि पाठ विहाराच्या भिंतीला टेकली. आता काठी टेकवायलाही मागं जागा नव्हती. समोर नदी, वाळू, पुसलेल्या रेघा, तिची स्वतःची पावलं... सगळं एकाच, नदीकडच्या बाजूला.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

अकरा वर्षांत हे शब्द तिच्या तोंडून निघाले नव्हते. तिला वाटलं होतं, लाज वाटेल. पण छाती उलट हलकी झाली. पाण्यात उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्या माणसाकडे ती बघत राहिली. एकही समीकरण न मांडता त्यांनी तिला तिच्याच विद्येच्या टोकाला आणून उभं केलं होतं. तिचे हात आपोआप जोडले गेले.

“वाघमोडे सर हेच विचारत होते, भंते. आणि मी त्यांचं हसं केलं... आजच फोन करते. माफी मागते. ग्रंथ सोमवारी जाणार नाही. त्यांचा प्रश्न पहिल्या पानावर घेते, मग बघू.”

भंते हसले. त्यांनी पाण्यातूनच तिच्याकडे हात पुढं केला.

“ये. मी कधीचा इकडंच आहे.”