टिंगूचा मधाचा थेंब

दोडक्याच्या वेलाखाली चिंगी मुंगीचं वारूळ होतं. तिचा धाकटा भाऊ टिंगू फार अशक्त होता. फुलातला मध तेवढा त्याच्या पोटात जायचा. एक दिवस फुलात थेंबच नव्हता.

चिंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.
"फूलताई, मध दे. टिंगू उपाशी."
फूल सुकलेलं. म्हणालं, "पान साखर देईना."

चिंगी गेली वर, तुरुतुरु तुरुतुरु.
"पानताई, साखर दे. फूल मध देईना, टिंगू उपाशी."
पान लोंबत होतं. म्हणालं, "ऊन आहे, हवा आहे. पण मूळ पाणी देईना. साखर कशी करू?"

चिंगी गेली खाली अंधारात, तुरुतुरु तुरुतुरु.
"मूळबाबा, पाणी दे. पान साखर देईना, फूल मध देईना, टिंगू उपाशी."
मूळ म्हणालं, "वरची साखर माझ्यापर्यंत येईना. अंगात त्राण नाही. खोड वाट देईना."

"खोडदादा, वाट दे. मूळ पाणी देईना, पान साखर देईना, फूल मध देईना, टिंगू उपाशी."
खोड कण्हलं. "गळा आवळलाय माझा. सुतळी सैल होईना."

"सुतळीबाई, सैल हो. खोड वाट देईना, मूळ पाणी देईना, पान साखर देईना, फूल मध देईना, टिंगू उपाशी."
सुतळी म्हणाली, "वेल लावणाऱ्या इंदूकाकूंनी मला बांधलं, तेव्हा वेल काडीएवढा होता. तो जाडा झाला, मी तेवढीच राहिले. काकू गाठ सोडेनात."

इंदूकाकू वेलाला पाण्यावर पाणी घालत होत्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.
"काकू, गाठ सोडा. सुतळी सैल होईना, खोड वाट देईना, मूळ पाणी देईना, पान साखर देईना, फूल मध देईना, टिंगू उपाशी."
मुंगीचा आवाज तो केवढा. काकूंना ऐकूच गेला नाही.

चावलं, तर काकू चिरडतील. नाही चावलं, तर टिंगू जाईल. चिंगी काकूंच्या पायावर चढली आणि कडकडून चावली.

काकू वाकल्या. हात उगारला. तेवढ्यात खोडात रुतलेली गाठ दिसली. हात तिथेच थांबला.
"अगं बाई, फास बसलाय वेलाला," काकू हळूच म्हणाल्या. "माझ्याच हातानं."

काकूंनी कात्री आणली. कच. सुतळी सुटली. खोडानं वाट दिली. वर अडकलेली साखर खाली गेली, झुळुझुळु. मुळानं पाणी वर दिलं. पानानं उन्हात साखर केली. पण जुनं फूल तोवर गळून पडलं होतं. एका कळीत तेवढा जीव होता. कळी उमलली. तिनं मध दिला. टप्प.

चिंगी धावली, तुरुतुरु तुरुतुरु. टिंगू हलत नव्हता. तिनं थेंब त्याच्या तोंडाला लावला आणि वाट बघत बसली. फार वेळ बसली.

मग टिंगूची एक मिशी हलली. मग दुसरी.
"अजून दे," टिंगू म्हणाला.