नऊ बेल

"पण नऊ बेल कमी पडले म्हणून पोर जाते का कधी, महाराज?"

त्र्यंबक धारूरकरनं दारातूनच विचारलं. कॉलेजात गणित शिकवणारा माणूस. पण पाढे लहानपणी केशवगिरी महाराजांच्या मठीत शिकला होता, म्हणून आला.

महाराज पूजेचा बेल धूत होते.

"बस आधी. कोण गेलं?"

"माझी रेवा. आठ वर्षांची. दुखण्यातून उठलीच नाही..."

महाराजांचे हात थांबले. "अरेरे... आणि नऊ कसले?"

"तिच्या आईनं, वत्सलानं, लाखोली बोलली होती. शंकराला लाख बेल. सात महिने वाहिले. लाख झाले म्हणून उद्यापनही केलं. चौथ्या दिवशी रेवा गेली."

"मग?"

"सुतकात वत्सलानं विचारलं, लाख पुरे झाले होते ना हो? मी तिचे रोजचे आकडे तपासले. एका दिवशीचे चारशे पंचेचाळीस तिनं बेरजेत चारशे चोपन्न धरले होते. खरी बेरीज नव्व्याण्णव हजार नऊशे एक्क्याण्णव."

"आणि हे तू तिला सांगितलंस?"

"विचारलं तिनं. खोटं कसं सांगू?"

धन्य रे बाबा! लेक गेलेल्या घरात हा बेरीज करत बसला होता.

"तेव्हापासून ती अन्नाला शिवत नाही. म्हणते, माझ्या नऊ बेलांनी माझी पोर नेली. तुम्ही समजवा तिला, महाराज. संख्येत असं काही नसतं. मी पाहिलंय."

त्यानं खिशातून कागद काढला. बारीक अक्षरात भागाकारच भागाकार.

"दोनपासून तीनशे तेरापर्यंत पासष्ट मूळ संख्या. एकीनंही या बेरजेला भाग जात नाही. लाखाच्या आतली सगळ्यांत मोठी मूळ संख्या आहे ही. एवढंच. शापबिप काही नाही."

"हे सगळं कधी केलंस?"

"सुतकातच. दुसरं काही... सुचत नव्हतं."

महाराजांनी पुढचं पान धुवायला घेतलं.

"तिला सांग, माझी बेरीज चुकली."

"नाही चुकलेली! तीनदा केली."

"बरं." महाराजांनी धुतलेला बेल ताटात ठेवला. "त्या नव्व्याण्णव हजारांत तू किती वाहिलेस?"

"मी?"

"तू. बाप तू."

"लाखोली तिची होती... मी कॉलेजात असायचो. संध्याकाळी आकडा विचारायचो."

"एक?"

त्र्यंबक कागदाची घडी घालायला लागला. ती नीट बसेना. मग कागद तोंडावर धरून तो रडला. लेक गेल्यापासून पहिल्यांदाच, मोठ्यानं.

महाराजांनी त्याला रडू दिलं. मग हाताला धरून उठवलं.

"घरी जा. तिला सांग, ते नऊ माझ्या वाट्याचे होते, मी वाहिले नाहीत."