तुळाईची ताल

वाघजाळीची खिंड उतरलं की डाव्या हाताला दगडामातीचा एक लांब बांध उताराला आडवा पसरलेला दिसतो. भोवतालच्या माळावर कुसळाखेरीज काही उगवत नाही. पण या बांधाच्या पोटाशी कमरेइतकी काळी माती आहे, आणि तिथली ज्वारी माणसाला झाकते. गाव या बांधाला तुळाईची ताल म्हणतं.

असं सांगतात, की ही ताल तुळाईच्या नवऱ्यानं गाव गोळा करून घातली. वीस पावसाळ्यांची वाहून जाणारी माती तिनं अडवून धरली, चाळीस घरं त्या रानावर जगली. नवऱ्यामागं तालीचा मान तुळाईकडं आला. तिचा शब्द पंचही मोडत नसत.

एका श्रावणात झड लागली. तालीमागं पाणी तुंबलं, आणि आपल्या बाजरीतलं पाणी काढायला कुणीतरी बांधात हातभर चर पाडला. चराचं भगदाड झालं. दिवस मावळायच्या आत वीस वर्षांची माती नदीला मिळाली. खाली नुसता मुरूम उरला. त्यात पुढं दोन वर्षं पेरलेलं बीसुद्धा परत आलं नाही. भुकेनं अकरा पोरं गेली. अकरावी तुळाईची नात, तिच्या मुलाची, येसूची लेक.

नातीला पुरून आलेल्या तुळाईला पंचांनी विचारलं, "फोडणाऱ्याला शिक्षा काय?"

ती म्हणाली, "त्यानं एकट्यानं नदीतनं माती आणून खिंडार बुजवावं. पाटीला कुणी हात लावायचा नाही. कुणी घोटभर पाणी द्यायचं नाही."

तेव्हा येसू उठला. "आई, मीच फोडली."

पाटलांनी मान खाली घातली. "तुळाई, शब्द माघारी घे. आम्ही ऐकलाच नाही म्हणू."

तुळाईनं समोर बसलेल्या, पोरं गमावलेल्या दहा आयांकडं पाहिलं. तिनं शब्द फिरवला नाही.

येसू माती वाहू लागला. कुणाला दया येऊन पाणी देऊ नये म्हणून ती स्वतः खिंडारापाशी राखण बसे. दुसऱ्या वैशाखात, भर उन्हात, तो चढावर गुडघ्यांवर आला. "आई, घोटभर..." एवढंच बोलला. तांब्या तिच्या मांडीशीच होता. तिनं पाठ फिरवली म्हणे, आणि पाटी पडल्याचा आवाज आला तरी बराच वेळ वळली नाही.

मग उठली. येसूत जीव उरला नव्हता. सांडलेली माती ओंजळींनी पाटीत भरली, खिंडारात ओतली, आणि रिकामी पाटी घेऊन नदीकडं चालू लागली. तिच्यामागून त्या दहाजणी निघाल्या. त्यांच्यामागून गाव.

तीन वर्षांत खिंडार बुजलं, सहाव्या वर्षी कणसं लागली. तुळाईनं त्या रानातला दाणा मरेपर्यंत तोंडात घातला नाही.

आजही वैशाखात घरटी एक माणूस नदीतनं पाटीभर गाळ आणून तालीवर टाकतो. म्हातारंकोतारं असो की पोटुशी बाई, पाटी ज्याची त्यानंच उचलायची. वाटेत कुणी खाली बसलं तर बाकीचे पाठ फिरवून उभे राहतात, ते माणूस आपलं आपण उठेपर्यंत.